संघनन : एका शब्दाचा अर्थ आणि एका भाषेची कसोटी



विज्ञानातील एखादा शब्द व्याख्यानाचा विषय व्हावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी काहीशी नीरस वाटण्याचा संभव आहे. राष्ट्र, धर्म, इतिहास, समाज हे सभांचे नेहमीचे विषय. त्यांच्या शेजारी ‘संघनन’ हा पाठ्यपुस्तकातला शब्द आणून बसवला, तर हे परीक्षेच्या तयारीचे काम आहे, असे कोणी म्हणेल. परंतु स्वभाषेचा विचार घोषणांच्या पातळीवरून खाली उतरवायचा असेल, तर कधीतरी एकेका शब्दापाशी थांबावेच लागते. मातृभाषेतून ज्ञान मिळाले पाहिजे, हे वाक्य सर्वांना मान्य असते. ते ज्ञान ज्या शब्दांतून मिळायचे, ते शब्द कसे घडले, ते अचूक आहेत का आणि मुख्य म्हणजे ते आपल्या तोंडी आहेत का, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. आजचा हा एक शब्द त्या प्रश्नांसाठी.

घरातले संघनन

वायुरूप पदार्थ द्रवरूपात येणे, ही संघननाची शालेय व्याख्या. तिचे उदाहरण प्रत्येक घरात आहे. पावसाळ्याच्या दिवसांत थंड पाण्याने भरलेला तांब्या ओट्यावर ठेवावा. थोड्याच वेळात त्याच्या बाहेरच्या अंगावर थेंब जमू लागतात. ‘तांब्याला घाम आला’ असे घरातील मोठी माणसे म्हणतात. हे पाणी आतून झिरपलेले नसते. धातूला छिद्रे नसतात. ते बाहेरच्या हवेतले असते. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या १ घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकते. तीच हवा १० अंशांपर्यंत थंड झाली, की ही मर्यादा सुमारे ९ ग्रॅमवर येते. उरलेल्या बाष्पाला पाणी होण्यावाचून गत्यंतर नसते. तांब्यालगतची हवा अशी थंड होते आणि तिच्यातले जादा बाष्प तांब्यावर उतरते. ज्या तापमानाला हे घडू लागते, त्याला दवबिंदू तापमान म्हणतात.

याच्याच शेजारी मातीचा माठ ठेवावा. त्याचेही अंग ओले दिसते. पण तेथील क्रिया नेमकी उलट आहे. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर पाझरते, त्याची वाफ होते आणि ती वाफ होताना माठातल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून माठातले पाणी गार होते. तांब्यावरचे पाणी हवेतून आलेले, माठावरचे पाणी हवेत जाणारे. एकाला संघनन म्हणावे, दुसऱ्याला बाष्पीभवन. दोन्ही भांडी ओली आहेत, एवढेच डोळ्यांना दिसते. त्यांतला भेद सांगण्यासाठी शब्द लागतात. शास्त्रीय परिभाषेचे प्रयोजन एवढ्यावरून स्पष्ट व्हावे.

संघननाची दुसरी बाजू उष्णतेची आहे. १०० अंशांच्या १ ग्रॅम पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते. तापमापी ती दाखवत नाही, म्हणून तिला अप्रकट उष्मा म्हणतात. वाफेचे पुन्हा पाणी होताना ही सगळी उष्णता ती परत करते. गणेशचतुर्थीला मोदकपात्रात ठेवलेले उकडीचे मोदक शिजतात ते याच उष्णतेवर. वाफ मोदकाच्या थंड पारीवर येऊन पाणी होते आणि बरोबर आणलेली उष्णता तेथे ठेवते. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका अधिक खोल का जातो, याचेही उत्तर हेच. उकळते पाणी अंगावर पडले, तर ते शरीराच्या तापमानापर्यंत निवताना ग्रॅममागे सुमारे ६३ कॅलरी देते. वाफ त्याआधीच ५४० देऊन बसलेली असते. कुकरच्या शिटीपासून मुलांना दूर ठेवणारी आई हा नियम आचरणात आणत असते. फक्त त्याचे नाव तिला कोणी सांगितलेले नसते.

आकाशातले संघनन

घरात जे तांब्यावर घडते, तेच सह्याद्रीवर फार मोठ्या प्रमाणात घडते. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे सह्याद्रीच्या कड्यांना अडतात आणि वर चढू लागतात. वर चढणारी हवा प्रसरण पावते व थंड होते. तिच्यातील बाष्प संघनित होऊन ढग बनतात. मात्र या क्रियेला काहीतरी आधार लागतो. तांब्यावरच्या थेंबांना तांब्याचा पृष्ठभाग मिळतो. आकाशात ते काम धूळ, समुद्रातील मिठाचे कण, धूर यांचे सूक्ष्म कण करतात. स्कॉटलंडचे शास्त्रज्ञ जॉन एट्केन यांनी १८८० च्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिले, की धूळविरहित हवेत बाष्प सहजासहजी धुक्याचे रूप घेत नाही. अशा कणांना संघनन केंद्रके म्हणतात. ढगातला एक थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतका असतो. असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र आले, की पावसाचा एक मध्यम थेंब होतो.

या एका क्रियेने महाराष्ट्राचा भूगोल घडवला आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण-खटावच्या पट्ट्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो. घाट ओलांडून खाली उतरणारी हवा पुन्हा तापते आणि संघनन थांबते. कोकणातील भातशेती, घाटमाथ्यावरची धरणे, माणदेशातल्या चारा छावण्या यांच्यामागे एकच भौतिक कारण उभे आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात निरनिराळ्या प्रदेशांतील पर्जन्यमानाची नोंद आहे. तेथे अवंतीच्या पावसाला माप दिले आहे आणि अपरान्ताच्या, म्हणजे कोकणाच्या पावसाला ‘अमित’ म्हटले आहे. पाऊस मोजण्यासाठी कोठारात पात्र ठेवावे, असेही तेथे सांगितले आहे. शेतसाऱ्याचा विचार करणारे राज्य पाऊस मोजत होते, ही अभिमानाची आणि अनुकरणाची गोष्ट आहे.

शब्दाची घडण

आता शब्दाकडे वळू. ‘संघनन’मध्ये मूळ शब्द ‘घन’. या शब्दाचे मराठीतील संसार किती आहेत, ते पाहावे. घन म्हणजे मेघ. घन म्हणजे दाट, घनदाट अरण्यातला. घन म्हणजे लोहाराचा मोठा हातोडा. गणितात घन म्हणजे एखाद्या संख्येस तिनेच दोनदा गुणून येणारी संख्या. त्यावरून घनमूळ आणि घनफळ. इतके निरनिराळे अर्थ एका शब्दात आले कोठून? संस्कृत व्याकरणाचे उत्तर असे, की घन हा शब्द ‘हन्’ धातूपासून होतो. धातुपाठात हन् या धातूचे हिंसा व गती असे दोन अर्थ आहेत. ठोकून ठोकून जे घट्ट होते, ते घन. अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात पाणिनीने ‘मूर्ती’ म्हणजे काठिण्य या अर्थी हा शब्द सिद्ध केला आहे आणि काशिकावृत्तीने त्याची उदाहरणे दिली आहेत ती ‘अभ्रघन’ आणि ‘दधिघन’. एक दाटलेल्या ढगाचे, दुसरे घट्ट विरजलेल्या दह्याचे.

याच अध्यायात थोडे पुढे पाणिनीने ‘संघ’ हा शब्दही सिद्ध केला आहे. सम् उपसर्ग आणि तोच हन् धातू; अर्थ, समूह किंवा गण. म्हणजे ‘संघ’ आणि ‘संघनन’ ही एका धातूची भावंडे आहेत. ‘संघात’ आणि ‘संहती’ हे शब्दही याच कुळातले. विखुरलेले जवळ येते, जवळ आलेले दृढ होते, ही एकच कल्पना या सर्व शब्दांच्या मुळाशी आहे. ‘संघटन’ हा शब्द मात्र त्यांचा सख्खा नव्हे; तो ‘घट्’ धातूचा. कानाला सारखे वाटते म्हणून एकाचे कुळ दुसऱ्याला लावू नये. शब्दांविषयीचा अभिमान शब्दांच्या अभ्यासाशिवाय टिकत नाही.

येथे आणखी एक पथ्य सांगणे आवश्यक आहे. काशिकेत ‘अभ्रघन’ हा शब्द सापडतो, यावरून बाष्पाचे पाणी कसे होते याचे भौतिकशास्त्र त्या काळी सिद्ध झाले होते, असा निष्कर्ष काढता येणार नाही. व्याकरणकारांनी भाषेचे शास्त्र सिद्ध केले, आणि ते इतके पक्के केले, की अडीच सहस्रकांनंतरही त्याच्या आधारे नवे शब्द बेतता येतात. त्यांचे हे ऋण पुरेसे मोठे आहे. जे त्यांनी केले नाही, त्याचे श्रेय त्यांच्या पदरात घालणे हा त्यांचा गौरव नव्हे. अतिशयोक्तीमुळे खऱ्या वारशावरचाही विश्वास उडतो आणि टीकाकारांच्या हाती आयते कोलीत मिळते.

‘भवन’ आणि ‘करण’

संस्कृतकडून मराठी परिभाषेला मिळालेले सर्वांत उपयुक्त साधन कोणते, असे विचारले, तर ‘च्वि’ प्रत्ययाचे नाव घ्यावे लागेल. पूर्वी जे तसे नव्हते ते तसे होणे, हा त्याचा अर्थ. जे शुभ्र नव्हते ते शुभ्र होणे, हे शुभ्रीभवन. पदार्थाचे अवस्थांतर म्हणजे नेमके हेच. जे बाष्प नव्हते ते बाष्प होते, हे बाष्पीभवन. जे द्रव नव्हते ते द्रव होते, हे द्रवीभवन. जे सांद्र, म्हणजे दाट नव्हते ते दाट होते, हे सांद्रीभवन. आणि आपोआप होण्याऐवजी कोणी तसे केले, तर ‘भवन’च्या जागी ‘करण’ येते. पहाटे गवतावर दव पडते, तेव्हा बाष्पाचे द्रवीभवन झाले. कारखान्यात दाब देऊन व तापमान उतरवून हवा द्रवरूप केली, तर ते हवेचे द्रवीकरण झाले. कर्ता कोण, निसर्ग की मनुष्य, हे एका अक्षरसमूहाने कळते. ही सोय ज्या भाषेला आहे, तिला विज्ञानासाठी दुबळी म्हणणे हे तिच्याविषयीच्या अज्ञानाचे लक्षण आहे.

मग एवढे शब्द असताना ‘संघनन’ कशासाठी? याचे उत्तर शब्दाच्या व्याप्तीत आहे. द्रवीभवन या शब्दात शेवटी द्रव हवाच. पण रसायनशास्त्रात दोन रेणू एकमेकांशी जोडले जाऊन पाण्यासारखा लहान रेणू बाहेर पडतो, त्या अभिक्रियेसही याच कुळातले नाव आहे. तेथे वाफेचा संबंध नाही, जवळ येऊन जुळण्याचा आहे. तिला ‘संघनन अभिक्रिया’ म्हणता येते; ‘द्रवीभवन अभिक्रिया’ म्हटले तर अर्थाचा अनर्थ होईल. संघनन हा शब्द विखुरलेल्याचे दृढ होणे एवढेच सांगतो. म्हणूनच तो अनेक शास्त्रांत चालतो.

एक इंग्रजी शब्द, अनेक मराठी अर्थ

येथे परिभाषेचा एक मूलभूत नियम हाती येतो. प्रतिशब्द अर्थाला द्यायचा असतो, परकीय ध्वनीला नव्हे. इंग्रजीतील ‘कन्डेन्स’ हे क्रियापद लॅटिनमधून आले असून त्याच्याही मुळाशी दाटपणाच आहे. इंग्रजीत ते अनेक ठिकाणी वापरले जाते. शीतकपाटाच्या मागील जाळीत वायूचा द्रव होतो, त्या भागाला ‘कन्डेन्सर’ म्हणतात. तेथे मराठीत ‘संघनक’ योग्यच. डब्यात मिळणाऱ्या गोड दाट दुधालाही इंग्रजी तेच विशेषण लावते. परंतु त्या दुधातील पाण्याची वाफ करून ते दाट केलेले असते, म्हणजे क्रिया बरोबर उलटी. मराठी गृहिणीला यासाठी कोशाची आवश्यकता नाही. तिच्यापाशी ‘आटवणे’ हे क्रियापद आहे. बासुंदीचे दूध आटवतात, त्याचे संघनन करीत नाहीत. विद्युत्‌भार साठवणाऱ्या उपकरणाला व्होल्टाने १८८२ च्या शंभर वर्षे आधी, म्हणजे १७८२ मध्ये, याच कुळातले नाव दिले, कारण विद्युत् एखाद्या वायूप्रमाणे दाटते अशी त्या काळची कल्पना होती. ती कल्पना मागे पडली. मराठीने त्या उपकरणास ‘धारित्र’ म्हटले. जे धारण करते ते धारित्र. येथे मराठी शब्द जुन्या इंग्रजी शब्दापेक्षा अधिक खरा आहे.

एका इंग्रजी शब्दासाठी मराठीने संघनक, आटवणे आणि धारित्र असे वेगवेगळे शब्द योजले, हे तिचे वैभव आहे. मक्षिकास्थाने मक्षिका बसवणाऱ्या भाषांतराने हे कधीच साधले नसते.

शब्द घडवणाऱ्यांची परंपरा

ही दृष्टी आकाशातून पडलेली नाही. शिवछत्रपतींच्या काळी रघुनाथपंत हणमंते यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. राज्यकारभारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचे काम राज्य सावरत असतानाच हाती घेतले गेले. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये ‘दर्पण’ आणि १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ काढले. ‘दिग्दर्शना’त शास्त्रीय विषयांना आवर्जून जागा होती. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांनी १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात रसायन आणि पदार्थविज्ञानावर मराठी ग्रंथ लिहिले, त्या वेळी त्यांच्यापुढे तयार परिभाषा नव्हती. विषय समजावणे आणि शब्द घडवणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागत. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात १९३१ मध्ये शासनव्यवहाराचा शब्दकल्पतरू प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला, तेव्हा त्यांची थट्टाही झाली. दिनांक, क्रमांक, महापौर, हुतात्मा हे शब्द आज थट्टा करणाऱ्यांचे वंशजही सहज वापरतात.

स्वातंत्र्यानंतर या कामाला शासकीय बळ मिळाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या वर्षीच, १९६० मध्ये, भाषा संचालनालय सुरू झाले आणि पुढे त्याने विषयवार परिभाषा कोश काढले. १९६१ मध्ये केंद्र सरकारने वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग नेमला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाने विज्ञानाचा प्रचंड विस्तार मराठीत आणला. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. कोशांच्या त्या जाड खंडांमागे शेकडो प्राध्यापकांचे मूक श्रम आहेत. त्यांतल्या बहुतेकांची नावे समाजाला ठाऊक नाहीत.

जिथे गाडी अडते

तरीही सगळे सुरळीत आहे, असे म्हणता येणार नाही. मराठी माध्यमातला विद्यार्थी विज्ञानाच्या तासाला ‘संघनन’ शिकतो आणि भूगोलाच्या तासाला तीच क्रिया ‘सांद्रीभवन’ या नावाने शिकतो. दोन्ही शब्द उत्तम आहेत. पण ते एकाच गोष्टीचे आहेत, हे त्याला कोणी सांगितले नाही, तर तांब्यावरचा थेंब आणि सह्याद्रीवरचा ढग यांचे नाते त्याच्या मनात जुळतच नाही. विज्ञानाचा सगळा आनंद ते नाते जुळण्यात आहे. याउलट इंग्रजी माध्यमातील मुलाला दोन्ही ठिकाणी एकच शब्द भेटतो. हा इंग्रजीचा गुण नव्हे, आपल्या हलगर्जीपणाचा दोष आहे.

दुसरी अडचण भारतीय भाषांच्या परस्परसंबंधांतली. संस्कृतमुळे सर्व भारतीय भाषांना एक समान परिभाषा मिळू शकते, हे आपण अभिमानाने सांगतो. ते बव्हंशी खरेही आहे. ‘संघनन’ मराठीत आणि हिंदीत एकाच अर्थी चालतो. पण ‘ऊर्ध्वपातन’ पाहा. मराठीत द्रवाची वाफ करून ती पुन्हा थंड करून शुद्ध द्रव मिळवणे, म्हणजे ऊर्ध्वपातन. हिंदीत त्यासाठी ‘आसवन’ आहे. आणि कापरासारखा स्थायू द्रव न होता थेट वायू होतो, त्या क्रियेला हिंदी ‘ऊर्ध्वपातन’ म्हणते. मराठीत तिचे नाव ‘संप्लवन’. तसेच हिंदीत ‘सांद्रता’ म्हणजे द्रावणातील विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण. मराठीत त्याला ‘संहती’ म्हणतात. नागपूरचा मुलगा पुढे भोपाळला शिकायला गेला, तर शब्द ओळखीचा आणि अर्थ अनोळखी, अशी त्याची स्थिती होते.

गंमत अशी, की ‘पातन’ हा शब्द दोन्ही भाषांनी रसशास्त्राकडून घेतला. पारा शुद्ध करण्यासाठी रसग्रंथांत ऊर्ध्व, अधः आणि तिर्यक् असे तीन पातनविधी सांगितले आहेत. ऊर्ध्वपातनात दोन मडकी तोंडाला तोंड लावून बसवतात; खालचे तापवतात, वरचे पाण्याने गार ठेवतात आणि पाऱ्याची वाफ वरच्या मडक्याच्या आतल्या अंगाला थेंबाथेंबाने धरते. हे प्रत्यक्ष संघननच आहे. कनौजच्या अत्तरवाल्यांची रीत त्याच जातीची. तांब्याच्या ‘देगे’त फुले व पाणी तापवायचे आणि वाफ बांबूच्या नळीने पाण्यात ठेवलेल्या ‘भपक्या’त उतरवायची. त्या कारागिराने पाणिनी वाचलेला नसतो. पण वाफ कोठे थंड करायची, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे आणि त्याच्यापाशी त्यासाठी स्वतःचे शब्दही आहेत. शास्त्री आणि कारागीर यांच्यात संवाद उरला नाही, म्हणून शब्दही दुरावले. परिभाषा करणाऱ्याने संस्कृत कोशाइतकेच कारखान्यात आणि स्वयंपाकघरात कान दिले पाहिजेत.

बसूंचे उदाहरण

संघनन या शब्दाशी एका भारतीयाचे नाव कायमचे जोडले गेले आहे. सत्येंद्रनाथ बसू १९२४ मध्ये ढाका विद्यापीठात शिकवीत होते. प्रकाशकणांच्या गणनेची एक नवी पद्धत त्यांनी लेखात मांडली आणि तो लेख आइन्स्टाइन यांच्याकडे पाठवला. आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून प्रसिद्ध करवला. पुढे त्यांनी ती पद्धत अणूंना लागू केली आणि भाकीत केले, की अतिशीत अवस्थेत वायूचे अणू मोठ्या संख्येने नीचतम ऊर्जेच्या एकाच स्थितीत गोळा होतील. हेच बोस-आइन्स्टाइन संघनन. १९९५ मध्ये अमेरिकेतील एरिक कॉर्नेल व कार्ल वायमन यांनी रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास नेऊन ते प्रत्यक्ष घडवले. वोल्फगांग केटर्ली यांच्यासह त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या संघननात थेंब नाही, दव नाही. अणू पदार्थाच्या अर्थाने द्रवही होत नाहीत. ते एका अवस्थेत एकवटतात. म्हणून ‘द्रवीभवन’ शब्द येथे निरुपयोगी ठरतो आणि ‘संघनन’ अर्थपूर्ण ठरतो. ज्यांनी हा शब्द रूढ केला, त्यांनी तो अर्थाच्या मुळावर बेतला होता. त्यामुळे विज्ञान पुढे गेले, तरी शब्द मागे पडला नाही.

बसूंच्या चरित्राची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. १९४८ मध्ये त्यांनी कोलकात्यात बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली आणि ‘ज्ञान ओ विज्ञान’ हे बंगाली मासिक सुरू केले. जगाने ज्यांच्या नावावरून मूलकणांच्या एका संपूर्ण वर्गाला ‘बोसॉन’ म्हटले, ते आपल्या समाजासाठी विज्ञान बंगालीत लिहिले जावे म्हणून झटत राहिले. इंग्रजी येत नसल्याने मातृभाषेचा कैवार घेतला, असा आक्षेप त्यांच्यावर कोणी घेऊ शकणार नाही. मेघनाद साहांसमवेत त्यांनी सापेक्षतावादावरील मूळ जर्मन लेखांचे इंग्रजी भाषांतर १९२० मध्येच सिद्ध केले होते. ज्ञान भाषेच्या सीमा ओलांडते ते अशा भाषांतरकारांच्या खांद्यावरून. परभाषेतले ज्ञान आणावे आणि स्वभाषेत रुजवावे, हा त्यांचा मार्ग होता.

करावयाचे काम

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने मातृभाषेतील शिक्षणाचा पुरस्कार केला. २०२१-२२ पासून मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकीचे शिक्षण घेण्याची वाट मोकळी झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या तिन्ही गोष्टींचे स्वागत झाले, ते योग्यच. परंतु दर्जा राजपत्रात मिळतो आणि शब्द वापरात जगतो. कोशात असलेला आणि तोंडी नसलेला शब्द संग्रहालयातल्या तलवारीसारखा. म्यान सुंदर, पाते गंजलेले.

म्हणून काम लहान आणि घरापासून सुरू होणारे आहे. मुले इंग्रजी माध्यमात असली, तरी घरात तांब्यावरचे थेंब पाहताना ‘संघनन’ हा शब्द त्यांच्या कानावर पडावा आणि त्याबरोबर त्याचे कारणही. दव, दहिवर, धुके, हिव हे आजीचे शब्दही पडावेत, कारण संस्कृतोद्भव परिभाषेच्या पायाखाली हीच माती आहे. शिक्षक-कार्यकर्त्यांनी दोन विषयांतले दोन पर्यायी शब्द फळ्यावर शेजारी लिहून दाखवावेत. शिशुवर्गात, संस्कारवर्गात, वस्तीवरील अभ्यासिकेत एखादा सोपा प्रयोग व्हावा. उकळत्या पाण्यावर थंड ताटली धरण्यास खर्च येत नाही. ज्यांना दोन भारतीय भाषा येतात, त्यांनी त्यांतल्या परिभाषेतील विसंवाद नोंदवून अभ्यासमंडळांना आणि शब्दावली आयोगाला कळवावेत. आणि जे विज्ञान जाणतात, त्यांनी वर्षाकाठी एक तरी लेख मराठीत लिहावा. मोडकांपाशी परिभाषा नव्हती, तरी त्यांनी ग्रंथ लिहिले. आज परिभाषा आहे. लिहिणारे हात हवे आहेत.

निर्मळ हवेत बाष्प कितीही असले, तरी त्याचा ढग होण्यासाठी सूक्ष्म कण लागतात, असे एट्केन यांच्या प्रयोगांनी सांगितले. समाजात स्वभाषेविषयीचे प्रेम बाष्पासारखे सर्वत्र भरलेले आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, त्याने जमीन भिजत नाही. त्याला आधार देणारे कण हवेत. एकेक शिक्षक, एकेक आई, एकेक अभ्यासक असा कण होऊ शकतो. पाऊस त्यानंतरच पडतो.